लहान लिबरल आर्ट्‌स कॉलेज हवं, पण शहर हाताशी हवं: अमेरिकेतली निवड कशी करायची?

प्रश्न नाशिकच्या एका वडिलांचा आहे. मुलगी बारावीत आहे. अर्थशास्त्र आणि कलेचा इतिहास हे तिचे आवडीचे विषय. अमेरिकेत मोठ्या विद्यापीठात न जाता लहान लिबरल आर्ट्‌स कॉलेजात, म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतचं, अनेक विषयांचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात, शिकायचं, हे तिचं ठरलं आहे. वडिलांना काळजी अशी की ही कॉलेजं आडगावात असतात, मुलीला गाडी चालवता येत नाही, चार वर्षं ती तिथे कोंडून पडेल. म्हणून शहराजवळचीच कॉलेजं बघायची. त्यांनी यादीही पाठवली आहे: स्वॉर्थमोर, हॅवरफर्ड, ब्रिन मॉर, वेलस्ली, व्हॅसर, पोमोना, मॅकॅलेस्टर, विल्यम्स आणि ग्रिनेल. प्रत्येक नावापुढे जवळच्या मोठ्या शहराचं अंतर मैलांत लिहिलं आहे.

यादी चांगली आहे. मैलांचा रकाना मात्र खोडा आणि त्या जागी एकच प्रश्न लिहा: शनिवारी रात्री साडेदहाला शहरातून निघालेली, स्वतःची गाडी नसलेली मुलगी आपल्या खोलीवर कशी पोहोचेल, किती वाजता आणि किती पैशांत? कर्जत-कसाऱ्याचा माणूस दादरला नाटकाला जायचं ठरवतो तेव्हा नाटकाच्या तिकिटाआधी शेवटची लोकल बघतो. कॉलेजचंही तसंच बघायचं. जायला काहीतरी मिळतंच. परतायला काय आहे, यावर मुलगी महिन्यातून चारदा शहरात जाणार की सत्रातून एकदा, हे ठरतं.

पुण्यात बसून अमेरिकेच्या पदवी प्रवेशांचं मार्गदर्शन करताना मला पालकांकडून हा प्रश्न सतत येतो, आणि तो रास्त आहे. पण आधी शहर आणि मग कॉलेज असा क्रम लावला की निवड बिघडते. लहान कॉलेज कशासाठी घ्यायचं, ते एकदा नीट समजून घ्या. तिथे हजार-दोन हजार विद्यार्थी असतात, पीएचडी करणारे जवळजवळ नसतातच, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या वर्गालाही प्राध्यापक स्वतः शिकवतात, निबंध स्वतः तपासतात आणि उन्हाळ्यात संशोधनाला मदतनीस हवा असेल तर पदवीच्याच मुलांना घेतात. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवलं तरी चालतं. हॅवरफर्डला प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो. स्वॉर्थमोरच्या ऑनर्स अभ्यासक्रमात, जो १९२२ पासून चालू आहे, शेवटची लेखी आणि तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरच्या संस्थांतले तज्ज्ञ येतात. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीने आपल्या विषयातल्या अनोळखी विद्वानासमोर बसून आपलं म्हणणं मांडायचं! माझ्या लेखी या शिक्षणाचं खरं मोल इथे आहे, आणि शहर त्याच्यानंतर येतं.

आता शहर किती जवळ ते बघू. तुमच्या यादीतली पोमोना घ्या. नावामुळे बरेच जण फसतात: पोमोना कॉलेज पोमोना गावात नाही, शेजारच्या क्लेअरमाँटला आहे, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला साधारण ३५ मैलांवर. क्लेअरमाँटला मेट्रोलिंक या लोकल रेल्वेचं स्टेशन आहे, कॉलेजपासून चालत जाता येतं, आणि गाडी तासाभरात लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनला पोहोचते. २०२५ मध्ये शहराच्या मेट्रोची ए लाइनही पोमोना गावापर्यंत आली. इथवर सगळं उत्तम. पण युनियन स्टेशनला उतरल्यावर पुढे काय? लॉस एंजेलिस पसरलेलं शहर आहे. संग्रहालय एका टोकाला, समुद्र दुसऱ्या टोकाला. स्टेशनपर्यंतचा तास धरला तरी इच्छित ठिकाणी जायला आणखी तास सहज जातो. म्हणून पोमोनाच्या मुलांचं रोजचं जग शहर नसून क्लेअरमाँटची पाच कॉलेजं असतात. पोमोना, स्क्रिप्स, क्लेअरमाँट मकेना, हार्वी मड आणि पिट्झर एकमेकांना लागून आहेत, एकाच्या मुलाला दुसऱ्याकडे वर्ग घेता येतात आणि कुठल्याही कॉलेजच्या भोजनगृहात जेवता येतं. माझ्या मते पोमोना घ्यायची तर या पाच कॉलेजांच्या शेजारासाठी घ्यावी. लॉस एंजेलिस हे वरचं धरावं.

व्हॅसरचं उलटं आहे. न्यूयॉर्कपासून ७५ मैलांवर, म्हणजे तुमच्या कागदावर लांब. पण व्हॅसर जिथे आहे ते पकिप्सी हे मेट्रो-नॉर्थ या न्यूयॉर्कच्या उपनगरी रेल्वेच्या हडसन लाइनचं शेवटचं स्टेशन आहे. गाडी तिथूनच सुटते, बसायला जागा मिळते, नदीच्या काठाकाठाने पावणेदोन-दोन तासांत थेट ग्रँड सेंट्रलला, म्हणजे मॅनहॅटनच्या मध्यात उतरवते. रात्री उशिरापर्यंत परतीच्या गाड्या असतात. मेख एवढीच की स्टेशन कॉलेजपासून तीनेक मैलांवर आहे, रात्री टॅक्सी धरावी लागते. दोन-तीन मैत्रिणींनी मिळून केली तर परवडते. महिन्यातून एक आख्खा दिवस न्यूयॉर्कला द्यायचा असेल तर व्हॅसर छान. बुधवारी संध्याकाळी व्याख्यान ऐकून परत यायचं असेल तर नाही.

वेलस्ली बॉस्टनच्या पश्चिमेला बारा मैलांवर, गावात लोकल गाडीचं स्टेशन. शनिवार-रविवारी गाड्या विरळ असतात, पण वेलस्लीच्या मुलींना एमआयटीत वर्ग घेता येतात आणि त्यासाठी बसची सोय आहे. एमआयटी जिथे आहे त्या बॉस्टनशेजारच्या केंब्रिजला जाण्याचा राबता त्यामुळे आपोआप राहतो. अर्थशास्त्र करणाऱ्या मुलीसाठी हे फार मोठं आहे. कॉलेज फक्त मुलींचं आहे, हे लेकीशी मोकळेपणाने बोला. काही मुलींना तिथे पहिल्यांदा वर्गात मनमोकळं बोलता येतं, काहींना ते नकोसं वाटतं. दोन्ही खरं असतं.

तुमच्या मुलीसाठी मी सगळ्यात जास्त वेळ फिलाडेल्फियावर घालवेन. आपल्याला हे शहर आनंदीबाई जोशींमुळे माहीत आहे. १८८६ मध्ये त्या तिथल्याच विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८५ मध्ये, शहराबाहेरच्या रेल्वे लाइनवर ब्रिन मॉर हे मुलींचं कॉलेज सुरू झालं. हॅवरफर्ड त्याहून जुनं, १८३३ चं. स्वॉर्थमोर १८६४ चं. तिन्ही कॉलेजं क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी उभी केली. आज ती धर्मसंस्थेची नाहीत, पण साधेपणा, विद्यार्थ्यावर टाकलेला विश्वास आणि एकमताने निर्णय घ्यायची सवय अजून टिकून आहे. हॅवरफर्डची आचारसंहिता विद्यार्थीच चालवतात आणि बऱ्याच परीक्षा मुलं पर्यवेक्षकाशिवाय देतात. (नाशिककरांसाठी आणखी एक: अमेरिकेत क्रिकेटचा अधिकृत कॉलेज संघ आजही फक्त हॅवरफर्डचा आहे, आणि तिथे क्रिकेटचं वेगळं ग्रंथालयही आहे.)

स्वॉर्थमोरला रेल्वेने उतरून बघावं, म्हणजे हाताशी असलेलं शहर कसं असतं ते कळतं. सेप्टा, म्हणजे फिलाडेल्फियाची सार्वजनिक वाहतूक संस्था, तिच्या मीडिया/वावा लाइनवर स्टेशन आहे. फलाटावरून बाहेर पडलं की समोर ओक वृक्षांच्या दोन रांगांमधून सरळ वर चढत जाणारी पायवाट दिसते आणि टेकडीच्या माथ्यावर पॅरिश हॉल, कॉलेजची मुख्य इमारत. मध्ये बस नाही, टॅक्सी नाही, अंधारा हमरस्ता नाही. गाडी साधारण अर्ध्या तासात शहराच्या मध्यात जाते. जेफरसन स्टेशनला उतरलं तर शेजारीच रेडिंग टर्मिनल मार्केट, तिथे जेवण उरकता येतं. कलेचा इतिहास शिकणाऱ्या मुलीला तर हे शहर म्हणजे मेजवानी आहे. बार्न्स फाउंडेशनमध्ये एकट्या रेन्वारची १८१ चित्रं आहेत आणि सेझानची ६९. फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयात मदुराईच्या एका मंदिराचा खांबांचा मंडप उभा केलेला आहे. आपल्याकडचं दगडी काम अमेरिकेतल्या संग्रहालयात कसं पोहोचलं, कसं मांडलं गेलं, यावर एक सबंध निबंध लिहिता येईल. वर्गात सकाळी ज्या चित्रावर चर्चा झाली ते चित्र त्याच दुपारी प्रत्यक्ष बघून संध्याकाळच्या जेवणाला परत येता येतं. शहर जवळ असण्याचा शिक्षणाला होणारा उपयोग म्हणतात तो हा.

हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉर एकमेकांपासून मैलभरावर, पाओली/थॉर्नडेल लाइनवर. दोघांमध्ये कॉलेजची निळी बस रात्री उशिरापर्यंत फिरते. एका कॉलेजची मुलगी दुसऱ्या कॉलेजात वर्ग घेऊ शकते, इतकंच नाही तर तिथलं मेजरही करू शकते. स्वॉर्थमोर दहाएक मैलांवर असल्यामुळे तिथे वर्ग घेता येतात पण वेळापत्रक जुळवावं लागतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातही तिन्ही कॉलेजांच्या मुलांना वर्ग घ्यायची मुभा आहे. पालकांना मी नेहमी सांगते, की कागदावर चौदाशे विद्यार्थ्यांचं दिसणारं हॅवरफर्ड प्रत्यक्षात इतकं लहान नाही. लहान कॉलेजची खरी अडचण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते, जेव्हा विभागातले तीन-चार प्राध्यापक ओळखीचे होतात आणि त्यातला एक वर्षभर रजेवर जातो. शेजारचं कॉलेज तेव्हा कामाला येतं.

याच पट्ट्यात रेल्वेवर विसंबण्याचा धोकाही दिसला. २०२५ मध्ये सेप्टाच्या अर्थसंकल्पात मोठी तूट आली आणि काही लाइन बंद करण्याचा प्रस्ताव पुढे आला; पाओली/थॉर्नडेल त्यात होती. पुढे निधीची सोय होऊन ते टळलं. हॅवरफर्ड-ब्रिन मॉरला आणखी एक आधार आहे: नॉरिसटाउनहून येणारी वेगळी विजेची लाइन, जी अपर डार्बीच्या ६९व्या स्ट्रीट टर्मिनलला जाते आणि तिथून पुढे शहराची एलिव्हेटेड रेल्वे मिळते. कुठलंही कॉलेज बघताना एकच लाइन आहे की दुसरा मार्गही आहे, हे विचारा. अपर डार्बीत दक्षिण आशियाई लोकांची मोठी वस्ती आहे, तेव्हा डाळ-तांदूळ, मसाले, पोह्यांची चिंता तिथे मिटते.

शहराच्या आतच असलेल्या कॉलेजांत तुमच्या यादीत एकच नाव आहे, मॅकॅलेस्टर, मिनेसोटातल्या सेंट पॉलचं. १८७४ मध्ये स्थापन झालेलं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान इथून १९६१ मध्ये पदवीधर झाले. परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण इथे पूर्वीपासून चांगलं आहे आणि त्यांची काळजी घ्यायची कॉलेजला सवय आहे. वाहतुकीचं म्हणाल तर ग्रँड आणि स्नेलिंग या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरच कॉलेज आहे. स्नेलिंगवरून ए लाइनची जलद बस जाते. उत्तरेला गेलं की युनिव्हर्सिटी अव्हेन्यूला ग्रीन लाइनची लाइट रेल मिळते, जी सेंट पॉल आणि मिनियापोलिस दोन्हींच्या मध्यात नेते. दक्षिणेला गेलं की ४६व्या स्ट्रीटला ब्लू लाइन, आणि ती थेट विमानतळावर. सुटकेस घेऊन एकट्या मुलीला विमानतळ ते डॉर्म (वसतिगृह) हा प्रवास टॅक्सीशिवाय करता येतो, हे अमेरिकेत थोड्याच कॉलेजांबद्दल म्हणता येतं. मिनियापोलिसचं कला संग्रहालय विनामूल्य आहे. थंडी मात्र कडक. जानेवारीत बसथांब्यावर उणे वीस सेल्सियसमध्ये उभं राहावं लागू शकतं आणि त्या दिवशी शहर किती मैलांवर आहे याला काही अर्थ उरत नाही. चांगला कोट आणि बूट यांचे पैसे पहिल्याच वर्षाच्या खर्चात धरा.

शहरातली आणखी काही नावं तुम्हाला जोडता येतील. न्यूयॉर्कचं बर्नार्ड, मुलींचं, कोलंबिया विद्यापीठाच्या रस्त्यापलीकडे, सबवेच्या दारात. लॉस एंजेलिसमधलं ऑक्सिडेंटल, जिथे बराक ओबामा पहिली दोन वर्षं शिकले. पोर्टलंडचं रीड, अभ्यासाला अतिशय कडक, जिथली पदवीची मुलं संशोधनासाठीची अणुभट्टी चालवतात. जॉर्जियात अग्नेस स्कॉट, अटलांटाच्या मेट्रोवरच्या डेकेटर स्टेशनजवळ. शिकागोच्या उत्तरेला लेक फॉरेस्ट, मेट्राच्या लोकलवर.

शहरातल्या कॉलेजांबद्दल एक सावधगिरी. जिथे बाहेर पडणं फार सोपं असतं तिथे काही वेळा शुक्रवारी संध्याकाळी कॉलेज रिकामं होतं. आसपासची मुलं घरी जातात, उरलेली शहरात पांगतात, आणि नाशिकहून गेलेली मुलगी भोजनगृहात एकटी जेवते. हे ओळखायचा एक सोपा मार्ग आहे. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं माहितीपत्रक प्रसिद्ध करतात. त्यातल्या एफ-१ या भागात कॉलेजच्या वसतिगृहात राहणाऱ्यांची टक्केवारी असते. नव्वदच्या आसपास असेल तर कॉलेज शनिवार-रविवारी जागं असतं. पन्नाशीच्या खाली असेल तर तिथल्या मुलांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता विल्यम्स आणि ग्रिनेल. तुम्ही ही दोन नावं ‘लांब आहेत, काढून टाकू का?’ असं लिहून पाठवली आहेत. काढू नका, निदान विल्यम्स तरी नाही. विल्यम्सटाउन मॅसॅच्युसेट्सच्या वायव्य कोपऱ्यात डोंगरात आहे. बॉस्टन आणि न्यूयॉर्क दोन्ही साधारण तीन-तीन तासांवर, रेल्वे नाही, बस मोजक्या. तुमच्या कसोटीवर हे नापास. पण तुमची मुलगी कलेचा इतिहास म्हणते, आणि त्या विषयात विल्यम्सचं नाव अमेरिकेत अगदी वरचं आहे. देशातल्या मोठमोठ्या संग्रहालयांचे संचालक तिथून बाहेर पडले आहेत. कॉलेजचं स्वतःचं संग्रहालय आहे, गावातच क्लार्क आर्ट इन्स्टिट्यूट आहे, आणि शेजारच्या नॉर्थ ॲडम्समध्ये जुन्या कारखान्याच्या इमारतींत १९९९ मध्ये उघडलेलं मॅस मोका हे समकालीन कलेचं प्रचंड संग्रहालय. तिच्या विषयाचं शहर तिथे डोंगरात येऊन बसलं आहे.

ग्रिनेल आयोवात, १८४६ पासून. डे मॉइन तासाभरावर. गाव लहान, चहूकडे मक्याची शेतं. पण कॉलेजची गंगाजळी आपल्या आकाराच्या मानाने फार मोठी आहे, त्यामुळे संगीत, नाटक, पाहुणे वक्ते सगळं कॉलेजच आणतं आणि परदेशी मुलांना मदतही सढळ देतं. ओहायोतल्या ओबरलिन कॉलेजचंही तसंच: क्लीव्हलँडला जायला रेल्वे नाही, पण संगीत विद्यालय कॉलेजातच असल्यामुळे मैफलींना तोटा नाही. आडगावातल्या कॉलेजात आणखी एक गोष्ट घडते. कुणीच कुठे जात नसल्यामुळे मैत्र्या घट्ट होतात, प्राध्यापक गावातच राहतात, विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलावतात. मुलगी माणसांत रमणारी असेल तर तिला शहराची उणीव जाणवणारही नाही. ती एकटी फिरणारी, दुकानं-रस्ते-गर्दी यांतून ऊर्जा घेणारी असेल तर दुसऱ्या हिवाळ्यात जाणवेल. तुमची मुलगी यातली कोणती, ते तुम्हाला माहीत आहे, मला नाही.

शहर जवळ हवं म्हणताना बहुतेक पालकांच्या मनात इंटर्नशिप असते. इथे व्हिसाचे नियम आधी वाचा. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला एक पूर्ण शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत कॉलेजबाहेर काम करता येत नाही. सत्र चालू असताना कॉलेजातलं काम आठवड्याला वीस तासांपर्यंत. म्हणजे पहिल्या वर्षी फिलाडेल्फिया दाराशी असो की दोनशे मैलांवर, कामाच्या दृष्टीने सारखंच. पुढच्या वर्षांत बाहेर काम करायचं तर सीपीटी (शिकत असताना बाहेर काम करायची परवानगी) लागतं, आणि ते काम अभ्यासक्रमाचा भाग आहे असं कॉलेजने दाखवावं लागतं. गोम इथे आहे. अनेक लिबरल आर्ट्‌स कॉलेजांच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप बसतच नाही, त्यामुळे काही कॉलेजं सीपीटी सहज देतात, काही हात आखडता घेतात. शहराच्या दारात असून सीपीटी न देणाऱ्या कॉलेजपेक्षा लांब असून उन्हाळ्याच्या इंटर्नशिपला परवानगी आणि वर निर्वाहभत्ता देणारं कॉलेज तुमच्या मुलीच्या जास्त कामाचं. प्रत्येक कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला ई-मेल करून नेमकं विचारा: अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गेल्या उन्हाळ्यात सीपीटी कशाच्या आधारावर दिलं?

त्याच ई-मेलमध्ये अर्थशास्त्राच्या मेजरचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक, विचारून घ्या. ४५.०६०३, म्हणजे इकॉनोमेट्रिक्स आणि संख्यात्मक अर्थशास्त्र, असेल तर पदवीनंतरच्या बारा महिन्यांच्या ओपीटीवर (अमेरिकेत काम करायच्या परवानगीवर) आणखी चोवीस महिने मिळण्याची पात्रता येते. साध्या अर्थशास्त्राच्या कोडला ती येत नाही. बऱ्याच कॉलेजांनी कोड बदलून घेतला आहे, काहींनी नाही. अभ्यास तोच, प्राध्यापक तेच, आणि कामाच्या मुदतीत दोन वर्षांचा फरक. हे नियम बदलतात, म्हणून अर्ज करायच्या वर्षी पुन्हा खात्री करा.

पैशांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याशिवाय ही यादी अपुरी आहे. या दर्जाच्या खाजगी कॉलेजांचा शिक्षणशुल्क, राहणं, जेवण धरून वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या घरात गेला आहे. मदत मिळते, चांगली मिळते, पण बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याची मदतीची गरज विचारात घेतात. परदेशी मुलांसाठीही नीड-ब्लाइंड, म्हणजे प्रवेश देताना मदतीची गरज न बघणारी, लिबरल आर्ट्‌स कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ॲम्हर्स्ट आणि बोडन ही त्यांतली दोन. ॲम्हर्स्ट तुमच्या यादीत जरूर घाला. बॉस्टन ९० मैल दूर आहे, पण ॲम्हर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ या संस्थांना जोडणारी बससेवा आहे आणि नॉर्थहॅम्प्टन हे गजबजलेलं छोटं शहर बसच्या टप्प्यात आहे.

कुठलं कॉलेज परदेशी मुलांना खरोखर किती देतं, हे पुन्हा कॉमन डेटा सेटमध्येच सापडतं, एच-६ या भागात. तिथे मदत मिळालेल्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या आणि सरासरी रक्कम, असे दोन आकडे असतात. दोन्ही एकत्र वाचा. सरासरी मोठी आणि संख्या लहान, म्हणजे थोड्यांना भरपूर; संख्या मोठी आणि सरासरी लहान, म्हणजे सगळ्यांना थोडी सवलत आणि बाकीचा भार तुमच्यावर. आणि अर्ज करतानाच मदत मागायची. ‘आधी प्रवेश मिळू दे, मग पुढच्या वर्षी बघू’ हे अनेक कॉलेजांत चालत नाही; पहिल्या वर्षी मागितली नाही तर परदेशी विद्यार्थ्याला नंतर मागताच येत नाही.

लहान कॉलेज घेताना त्याची तब्येतही बघावी लागते. न्यूयॉर्क राज्यातलं १८६८ चं वेल्स कॉलेज २०२४ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न बंद झालं, आणि ते तर शहरातच होतं. तुमच्या यादीतली नावं भक्कम आहेत. पण भरघोस सवलतीचं पत्र पाठवणारं एखादं अपरिचित कॉलेज पुढे यादीत आलं, तर गेल्या पाच वर्षांत तिथली विद्यार्थीसंख्या घसरली आहे का आणि विभाग बंद होताहेत का, हे तपासल्याशिवाय होकार देऊ नका.

सुट्ट्यांचा विचार बहुतेक जण तिकीट काढायच्या वेळी करतात. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचे चार दिवस, मग डिसेंबर-जानेवारीत महिनाभर सुट्टी. अमेरिकन मुलं घरी जातात. काही कॉलेजं डॉर्म उघडे ठेवतात पण भोजनगृह बंद. काही डॉर्मही बंद करतात किंवा जास्त पैसे घेतात. दरवेळी भारतात येणं परवडत नाही, म्हणून जवळ नातलग किंवा ओळखीचं मराठी घर आहे का, आणि तिथे रेल्वेने पोहोचता येतं का, हे बघा. तुम्ही मुलीची मावशी न्यू जर्सीत एडिसनला असते असं लिहिलं आहे. स्वॉर्थमोरहून तिच्याकडे जायचं तर सेप्टाने फिलाडेल्फियाचं ३०वं स्ट्रीट स्टेशन, तिथून सेप्टाचीच ट्रेंटन लाइन, ट्रेंटनला न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी बदलली की एडिसन. दोन बदल, पण सगळा प्रवास रुळांवर, विमानाचं तिकीट नाही, कुणी आणायला यायची गरज नाही. व्हॅसरहून न्यूयॉर्कमार्गे तसंच जमतं. मॅकॅलेस्टर, पोमोना, ग्रिनेलहून मावशीकडे जायचं म्हणजे विमानच. पहिल्या वर्षी मुलगी आजारी पडली किंवा खूप आठवण आली तर हा फरक मोठा ठरतो.

नाशिकमध्ये बसून हे सगळं तपासता येतं. गुगल मॅप्सवर शहरातल्या एखाद्या नाट्यगृहापासून मुलीच्या संभाव्य डॉर्मपर्यंतचा मार्ग काढा, सार्वजनिक वाहतूक निवडा, निघायची वेळ शनिवार रात्री साडेदहा टाका. मग तोच मार्ग रविवारी सकाळी नऊचा टाका. रेल्वेच्या संकेतस्थळावरचं ताजं वेळापत्रक त्याच्याशी ताडून बघा. विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र जवळजवळ प्रत्येक कॉलेजचं ऑनलाइन असतं. कॉलेजच्या चकचकीत माहितीपत्रकात न दिसणाऱ्या गोष्टी तिथे येतात, जसं की शटल कमी केल्याची तक्रार किंवा रात्रीच्या सुरक्षेबद्दलची चर्चा. आणि तिथे शिकणाऱ्या भारतीय मुलीशी तुमच्या लेकीने स्वतः बोलावं, तुम्ही नव्हे. ‘शहर जवळ आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं. ‘गेल्या महिन्यात तू किती वेळा शहरात गेलीस, कशी गेलीस, कुणाबरोबर आणि किती वाजता परत आलीस?’ असं विचारायचं.

तुमच्या मुलीच्या आवडी, मावशीचं घर आणि गाडी नसणं हे धरून मी क्रम असा लावेन: आधी स्वॉर्थमोर, हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉर एकत्र, त्यांच्याबरोबर वेलस्ली, त्यांच्या खालोखाल व्हॅसर आणि मॅकॅलेस्टर, मदतीचा विचार करून ॲम्हर्स्ट आणि ग्रिनेल, आणि विल्यम्स तिच्या विषयासाठी. पोमोना मी शेवटी ठेवेन, कॉलेज म्हणून ते कमी आहे म्हणून नव्हे, तर तुम्ही जे शोधताय ते तिथे कमी मिळेल म्हणून. अर्ली डिसिजन म्हणजे मिळालं तर घ्यायचंच असं बंधन, आणि त्याची मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला किंवा मध्यावर असते. मदतीची रक्कम अपुरी निघाली तर त्यातून सुटका मागता येते, पण मनात किंतु असेल तर तो पर्याय वापरू नका. ऑक्टोबर उजाडण्याआधी परदेशी विद्यार्थी कार्यालयांची उत्तरं आणि एच-६ चे आकडे यादीत भरून पाठवा, मग अर्ली डिसिजन कुठे लावायचं ते ठरवू.